पेन्साकोलाचं हवामान

रेइनो लाहतीच्या घरातून आजवर एक खिळासुद्धा वाया गेलेला नाही. वाकडा खिळा दिसला की दगडावर ठेवून ठोकून सरळ करायचा आणि बरणीत टाकायचा, ही त्याची रीत. जन्मभर त्याने लोखंडाच्या खाणीत विजेची कामं केली, आणि निवृत्त होताना सोन्याचं घड्याळ घेण्याऐवजी मोडीत निघालेली तांब्याची तार मागून घेतली. मिनेसोटाच्या त्या उत्तरेकडच्या पट्ट्यात फिनलंडहून आलेल्यांची सगळी प्रजाच अशी. आजोबा आले ते हातात कुऱ्हाड आणि पोटात भूक घेऊन. नातवांची पोटं भरली, पण भुकेची धास्ती काही गेली नाही.

बोलण्यातही तीच काटकसर. लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा चर्चच्या तळघरात केक कापला, आणि लोक रेइनोच्या मागे लागले, की आता चार शब्द बोल. रेइनो उभा राहिला, म्हणाला, "कॉफी आहे अजून," आणि खाली बसला. चारातला एक शब्द त्याने वाचवला, असं गावात अजून सांगतात. त्याची बायको आइली तेव्हा हसत होती. तिला माहीत होतं, की नवरा बोलत नाही पण तिच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ रोज पहाटे खरवडून ठेवतो. तिचं तेवढ्यावर भागत होतं.

त्यांना मुलगा एकच, डेल. तो थंडीला कंटाळून दक्षिणेला गेला, फ्लोरिडाच्या पेन्साकोलात, समुद्राकाठी. विमानं दुरुस्त करायचा. बायकोशी पटलं नाही, मूलबाळ नाही, एकटाच राहायचा. दर रविवारी फोन यायचा आणि बाप-लेक हवामानावर बोलायचे. "तिकडे काय?" "ऊन. तिकडे?" "बर्फ." एवढं झालं की रेइनो फोन आइलीकडे द्यायचा. बाहेरच्या माणसाला वाटेल, की ही काय बोलणी झाली? पण त्या दोघांच्या सगळ्या गोष्टी त्यातच होत्या.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर डेल कामावरच कोसळला. हृदय बंद पडलं. म्हातारा-म्हातारी गाडी हाकत पार तिथवर गेली आणि पोराचं घर रिकामं केलं. रेइनोने काही म्हणजे काही सोडलं नाही. उघडलेली कॉफीची पिशवी घेतली, अर्धा साबण घेतला, शिडी टपावर बांधली. सगळं भरून झाल्यावर तो पुन्हा आत गेला आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट काढायला लागला.

"अरे, भिंतीवरचंपण?" आइली म्हणाली.

"पैसे मोजून घेतलाय पोराने."

घराची उष्णता सांभाळणारी ती तळहाताएवढी हुशार काचेची चकती त्याने डेलच्याच एका मोज्यात गुंडाळली आणि मांडीवर घेऊन घरी आणली. अस्थींची पेटी आइलीच्या मांडीवर होती.

घरी पोचेपर्यंत जमीन गोठली होती, अस्थी पुरायला खड्डा खणता येईना. त्या मुलखात हिवाळ्यात गेलेल्या माणसाला वसंताची वाट बघावी लागते, दफनभूमीचं फाटकच बंद असतं. पाद्री म्हणाले, मे महिन्यात बघू. पेटी गावातल्या अंत्यविधीवाल्याकडे फळीवर राहिली. त्यामुळे ना प्रार्थना झाली, ना चर्चच्या तळघरात कॉफी झाली, ना कुणी येऊन हात हातात घेतला. सगळंच मे महिन्यावर पडलं. आणि मे येईपर्यंत 'डेल गेला' हे दोन शब्द त्या घरात कुणी उच्चारायचे नाहीत, असं जणू न बोलता ठरलं. मला विचाराल तर हे फार वाईट झालं. दुःखाला जागच्या जागी वाट करून द्यावी, नाहीतर ते भलत्याच ठिकाणी झिरपतं.

ते झिरपलं त्या थर्मोस्टॅटमध्ये. घरातला जुना थर्मोस्टॅट चांगला चालत असताना रेइनोने तो काढून चुलतभावाच्या शिकारीच्या खोपटाला देऊन टाकला आणि त्या जागी डेलचा बसवला. तारा बिनचूक जोडल्या, घरातलं इंटरनेट जोडून दिलं. काच उजळली. वर नाव आलं, 'डेलचं घर'. कोपऱ्यात बाहेरचं हवामान आलं, एक छोटा सूर्य आणि शेजारी आकडा, एकाहत्तर. खिडकीबाहेर तर बर्फ भुरभुरत होता. तिकडच्या फॅरनहाइट मापात पाणी बत्तिसाला गोठतं, मग एकाहत्तर कुठून आले? रेइनोच्या लगेच ध्यानात आलं. यंत्राला अजून वाटतंय की आपण पेन्साकोलातच आहोत. त्याने बदलायला बोट वर नेलं आणि तसंच खाली आणलं.

तेव्हापासून रोज सकाळी उठलं की तो आधी त्या काचेसमोर जायचा. आज तिकडे ऊन. आज तिकडे ढग. आज पाऊस, डेल छत्री न्यायचा नाही कधी. तो आइलीला यातलं काही सांगत नसे. तिला चष्म्याशिवाय एवढं बारीक दिसत नाही, असा त्याचा समज. ते चित्र भिंतीवर राहावं, एवढंच आता त्या म्हाताऱ्याला जगाकडून हवं होतं.

जानेवारी लागला आणि थंडीने डोकं वर काढलं. शून्याच्या खाली वीस, मग पंचवीस. त्या घराला ऊब देणाऱ्या वस्तू दोन. बाहेर अंगणात एक हीट पंप, तो बाहेरच्या हवेतलीच उष्णता ओढून आत आणतो. हलक्या थंडीत तो पुरतो. बाहेर ओढण्याजोगं काही उरलं नाही, की तळघरातली गॅसची भट्टी पेटायची, हा दुसरा टप्पा. तो पेटवायचा हुकूम थर्मोस्टॅटने द्यायचा. या वर्षी पंप बिचारा दिवसरात्र घरघरत होता आणि भट्टी रुसलेल्या सुनेसारखी मुकाट बसून होती. एरवी सत्तर असायचं ते घर साठावर आलं, मग पंचावन्नवर.

रेइनोने सगळे स्क्रू पुन्हा आवळले, तारा तपासल्या. सगळं ठीक होतं. खरं सांगायचं तर त्याला संशय आलाच नव्हता असं नाही. जन्मभर ज्याने विजेची कामं केली, त्याला हे सुचू नये? पण संशयाचा छडा लावायचा म्हणजे त्या कोपऱ्यातल्या सूर्याला हात लावायचा. म्हणून त्याने तिकडे काणाडोळा केला आणि तळघरातली लाकडाची शेगडी पेटवली. दुखऱ्या कमरेने लाकडं वाहिली. मात्र धूर वर यायचा. आइलीला आदल्या वर्षी न्यूमोनिया झालेला, डॉक्टरांनी बजावलेलं, की घर उबदार हवं आणि धूर अजिबात नको. ती स्वयंपाकघरात कोट आणि लोकरीची टोपी घालून वेलचीचा पाव मळायची, आणि विचारलं तर म्हणायची, "मला काही थंडी वाजत नाही." तिचा खोकला मात्र खोल जायला लागला. एका सकाळी तिच्या छातीतली घरघर रेइनोला पलीकडच्या खोलीत ऐकू आली. मग तो फोनपाशी गेला.

भट्ट्या दुरुस्त करणारी कॉनी कोचेवार आली. ती डेलच्या वर्गातली, पन्नाशी ओलांडलेली, आडव्या अंगाची आणि मोठ्या आवाजाची. दारात बूट काढतानाच सुरू झाली.

"काय रेइनो, बर्फाचा कारखाना काढलाय का घरात? माझ्या व्हॅनमध्ये याहून ऊब आहे!"

"आधी कॉफी घे," आइली म्हणाली. तिकडे कारागिराला कॉफी पाजल्याशिवाय हत्याराला हात लावू देत नाहीत. कॉनीने कप घेतला, आइलीच्या निळसर ओठांकडे पाहिलं, आणि एरवी तीन तुकडे पाव खाणारी ती बाई एकच तुकडा तोंडात कोंबून तळघरात उतरली.

खाली तिने भट्टीचं झाकण काढलं आणि तारेच्या एका तुकड्याने दोन टोकं जोडून दिली. थर्मोस्टॅटला न विचारता परस्पर हुकूम दिला म्हणा ना. भट्टी भसकन पेटली.

"हिला काही धाड भरलेली नाही," कॉनी म्हणाली. "ही नुसती हुकमाची वाट बघतेय. दोष वर आहे."

तिने तार काढली, भट्टी विझली. रेइनो तिच्या मागोमाग जिना चढला आणि तिच्या आधी थर्मोस्टॅटसमोर जाऊन उभा राहिला.

"सरकता का जरा? का मी तुमच्या आरपार बघू?"

तो अर्धं पाऊल सरकला. कॉनीने हवी ती उष्णता पुष्कळ वर नेली आणि थांबली. पंपाची घरघर वाढली. भट्टी गप्पच. तिने चकती उचलून मागची तार बघितली, ती जिथे हवी तिथेच होती. पुन्हा चकती बसवून ती आतली पानं चाळायला लागली, आणि एकदम खो खो हसली.

"अहो, याला वाटतंय आपण समुद्रकिनारी पाय सोडून बसलोय! अडुसष्ट! आणि वर ऊन काय..."

तेवढ्यात तिची नजर वरच्या नावावर गेली. तिचं हसू तिथेच विरलं. तिने हातातला स्क्रूड्रायव्हर उगाच खिशात घातला आणि पुन्हा काढला.

"त्याचा आहे का हा?" तिने हळू विचारलं.

रेइनोने मान हलवली.

"मग कळलं," ती म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "त्याने याला सांगून ठेवलंय, बाहेर चाळीसच्या वर असेल तर भट्टी पेटवायची नाही, पंप पुरे. तिकडे ते बरोबरच होतं. पण याला बाहेरचं कळतं ते इंटरनेटवरून, पिनकोड बघून. पिनकोड अजून तिकडचा आहे. आपण इथे कुडकुडून मरू, पण याच्या लेखी बाहेर ऊन पडलंय. पिनकोड बदलते, की झालं."

"ते राहू दे," रेइनो म्हणाला. "ती चाळिसाची मर्यादाच वाढव."

"पासष्टच्या वर जात नाही ती. आणि तिकडे आज अडुसष्ट आहे."

"मग दुसरं काहीतरी कर."

"दुसरं म्हणजे व्हॅनमध्ये साधा थर्मोस्टॅट आहे. तो लावते. हा काढून कपाटात ठेवा, आठवण म्हणून."

"तारा सुटल्या की मेला तो," रेइनो म्हणाला.

तो शब्द त्याच्या तोंडून कसा निसटला, त्याचं त्यालाच कळलं नाही. मागे आइलीच्या हातातली बशी ओट्यावर आपटली. रेइनोचे कान लाल झाले आणि तो एकदम चिडला. शांत माणसं चिडतात तेव्हा वेडंवाकडंच बोलतात.

"मला नकोय काही! तू जा, पोरी. लाकूड आहे माझ्याकडे. माझ्या आजोबांनी काय भट्टी पेटवली होती? लाकडावर आठ पोरं वाढवली त्यांनी."

"आणि त्यातली तीन पुरली, रेइनो. तुम्हीच सांगितलेलं." कॉनीही आता तापली होती. "बायकोकडे बघा जरा. ओठ बघा तिचे! फोनवर हवं तेव्हा पेन्साकोलाचं हवामान बघा ना, मी लावून देते."

"फोनवर गावाचं दिसतं," तो म्हणाला. "हे त्याच्या घराचं आहे."

कॉनीने खिशातून फोन काढला होता, तो परत आत ठेवला.

"कॉनी, राहू दे," आइली म्हणाली. ती दारात येऊन उभी होती, कोट गळ्यापर्यंत लावलेला, एक हात चौकटीवर. "बदलू नकोस. मला काही थंडी वाजत नाही."

रेइनोने वळून पाहिलं. त्याला वाटलं, ही आपली बाजू घेतेय. आपल्यासाठी बोलतेय. एवढी वर्षं घेत आली तशी.

"तुला काय माहीत, त्यात काय दिसतं ते," तो म्हणाला.

"मला दिसतं." आइली त्याच्याकडे न बघता बोलत होती. "तुझ्या आधी उठते मी. चष्मा लावून बघते. मग जाऊन परत झोपते, आणि तू उठलास की डोळे मिटून पडते. म्हटलं, तुझं तुला बघू दे."

रोज सकाळी तो पाय न वाजवता जायचा, ही जागी होऊ नये म्हणून.

"परवा शनिवारी तिकडे वादळ होतं," आइली म्हणाली. तिला मध्येच खोकला आला, तो आवरेपर्यंत ती चौकट धरून राहिली. "काचेवर ढग आणि वीज होती. मला काही सुचेना. त्याचं छप्पर आधीच गळतं, तो एकटा, शिडीसुद्धा नाही त्याच्याकडे, शिडी आपण घेऊन आलो. मला वाटलं, आता काय करेल पोरगं? दिवसभर माझा जीव नुसता वरखाली होत होता, रेइनो. रविवारी ऊन आलं तेव्हा कुठे घास घशाखाली उतरला माझ्या."

बोलून झाल्यावर ती स्वतःच दचकली. आपण काय बोललो ते तिला उशिरा ऐकू आलं असावं. कॉनीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

रेइनोने बायकोकडे पाहिलं, आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा नीट पाहिलं. टोपीखालचा तो लहानसा चेहरा, निळे पडलेले ओठ, प्रत्येक श्वासाला उचलले जाणारे खांदे. त्याला वाटत होतं, आपण पोराला भिंतीवर जपून ठेवलंय. त्या काचेने त्याला रोज थोडासा दिलासा दिला होता. आणि तीच काच बायकोला रोज पोराच्या काळजीला जुंपत होती, मेलेल्या पोराच्या. वर तिला गारठवत होती ती वेगळीच. आइली मात्र त्याच्यासाठी तोंडातून ब्र काढत नव्हती. त्याला स्वतःची शरम वाटली.

"सरक," तो कॉनीला म्हणाला.

"मी करते की."

"नको. मीच लावलाय."

त्याने ते पान स्वतः काढलं. पेन्साकोलाचा पिनकोड एकेक आकडा मागे जात पुसला गेला. रिकाम्या चौकोनासमोर त्याचं बोट अधांतरी राहिलं. आइली म्हणाली, "रेइनो, नको," आणि तिचा आवाज अगदी लहान पोरीसारखा झाला. त्याने आपल्या गावाचे आकडे घातले. एकदा चुकले, पुन्हा घातले.

काच क्षणभर काळी झाली. मग कोपऱ्यातला सूर्य गेला, तिथे बर्फाची एक पांढरी चांदणी आली आणि शेजारी उणे सत्तावीस. थोड्या वेळाने तळघरातून भसकन आवाज आला. जमिनीतल्या जाळीतून गरम हवा वर येऊन आइलीच्या पायांना लागली.

कॉनी आवाज न करता सामान आवरत होती. पैशांचं विचारल्यावर तिने हात झटकला, दारात बूट चढवले, आणि जाता जाता आइलीला घट्ट मिठी मारली. त्या मुलखात असं कुणी करत नाही. "मे महिन्यात मी येईन," ती म्हणाली, "आम्ही सगळे वर्गातले येऊ." आणि गेली.

दोघं स्वयंपाकघरात टेबलाशी बसली. रेइनोने कॉफी ओतली. खिडकीवरच्या बर्फाच्या नक्षीला खालून पाणी सुटायला लागलं होतं. आइलीने कप खाली ठेवला. नजर सवयीने भिंतीकडे गेली आणि तिथून परत आली.

"आता तिकडे किती असेल रे?" तिने विचारलं.

रेइनो उठून तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. तिचे दोन्ही हात त्याने आपल्या हातात घेतले. असलं काही करायची त्याला सवय नव्हती, म्हणून जरा जास्तच जोरात धरले.

"तिकडे आता आपलं कुणी नाही, आइली," तो म्हणाला. "डेल गेला."

तिने होकारार्थी मान हलवली, एकदा, दोनदा, जशी पोरगं दटावल्यावर हलवतं तशी. आणि इतके दिवस जे मे महिन्यासाठी राखून ठेवलं होतं ते तिच्या तोंडून मोठ्या आवाजात बाहेर पडलं. रेइनोने तिला इतक्या मोठ्याने रडताना कधीच ऐकलं नव्हतं. काय बोलावं हे त्याला सुचेना, म्हणून तोही रडायला लागला.